माधो मराठीत काय बोलेल?

पहाटे साडेपाच

काल लिहिलेली पानं मी आधी मोठ्यानं वाचते. डोळ्यांना खपून जातं ते कानाला खपत नाही, आणि या वेळी घरात दुसरं कुणी जागं नसतं. काशीगावात पूर्ण शांतता कधीच नसते. गुजरातकडून येणारे ट्रक रात्रभर हायवेवरून जात असतात. पण साडेपाच ते सात या वेळात तो आवाज एकसुरी होतो, आणि एकसुरी आवाजात काम चांगलं होतं.

सध्या टेबलावर सआदत हसन मंटोची ‘हतक’ आहे. मंटो मराठी वाचकाला नवा नाही, पण बहुतेकांना तो हिंदीच्या दारातून भेटलेला असतो, म्हणजे देवनागरीत उतरवलेल्या आणि उतरवताना थोड्या सोप्या केलेल्या उर्दूतून. मला तो उर्दू छापील पानावरून थेट आणायचा आहे. कायद्याची अडचण नाही. मंटो १८ जानेवारी १९५५ रोजी लाहोरला वारला. आपल्याकडे लेखकाचं स्वामित्व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतं, त्यामुळे २०१६ पासून त्याचं लेखन भारतात सर्वांना खुलं आहे. अडचण आहे ती माधोची.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सौगंधी ही मुंबईतली धंदा करणारी बाई. दहा रुपयांतले अडीच दलालाला देते. शेजारच्या खोलीत एक मद्रासी बाई आहे, तिचा नवरा मोटारीखाली गेलाय आणि गावी परतायला तिच्याकडे भाडं नाही. त्या भाड्यासाठी डोकं ठणकत असतानाही सौगंधी रात्री उठून खाली उतरते. मोटारीतला शेठ तिच्या तोंडावर टॉर्च मारतो, नाक मुरडल्यासारखा एक आवाज काढतो आणि निघून जातो. तेवढ्यावरून तिच्या आत काय काय कोसळतं, त्याची ही गोष्ट. आणि या सौगंधीचा एक ‘आपला माणूस’ आहे, माधो. तो पुण्याचा हवालदार. येतो, हा धंदा सोड म्हणतो, मी खर्च पाठवीन म्हणतो, आणि जाताना तिच्याच पैशांतून घेऊन जातो.

पुण्याचा हवालदार! मंटोच्या पानावर तो उर्दूत बोलतो आणि ते कुणालाच खटकत नाही, कारण सगळी कथाच उर्दूत आहे. मराठीत आणताना मात्र मी त्याला त्याच्याच मुलखात परत आणते आहे. तिथे तो नुसतं छापील मराठी बोलून चालणार नाही. तो कुठला? साताऱ्याकडचा? मावळातला? सौगंधीशी तो कसा बोलेल? काल रात्री मी त्याच्या तोंडी जे घातलं होतं ते आज सकाळी ऐकलं, आणि ते रेडिओ नाटकातलं वाटलं. लाल पेनानं तीन ठिकाणी खुणा केल्या. पुढचं नंतर.

पावणेआठ

दूध आणायला बाहेर पडते तेव्हा मेट्रोच्या खांबांखाली रिक्षांची रांग लागलेली असते. मीरा-भाईंदर म्हटलं की लोकांना टॉवर दिसतात, पण हे मुळात गावांचं शहर: काशी, मीरा, पेणकरपाडा, घोडबंदर, नवघर, गोडदेव, राई, मुर्धा, उत्तन. आगरी, कोळी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि पाड्यांवरचे आदिवासी ही इथली जुनी माणसं. बाकीचे आम्ही सगळे नंतर आलो, घर परवडलं म्हणून. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती ८ लाखांवर गेलेली होती.

काशीगावातलं चर्च सेंट जेरोमचं आहे. आज ३० सप्टेंबर, जेरोमचा स्मृतिदिन. जगभर हाच दिवस आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन म्हणून पाळला जातो, संयुक्त राष्ट्रांनीही २०१७ मध्ये त्याला मान्यता दिली. माझ्या व्यवसायाच्या संताचं देऊळ माझ्याच गावात असावं याचा मला दर वर्षी नव्यानं आनंद होतो, आणि मी ख्रिस्ती नसले तरी आज तिथे दोन मिनिटं थांबते.

जेरोमची गोष्ट आमच्या कामाला फार जवळची आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस त्यानं बायबल लॅटिनमध्ये आणायला घेतलं. जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर हाताशी होतं, सर्वमान्य होतं, आणि त्यावरून लॅटिन केलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. तो मात्र मूळ हिब्रूकडे गेला. त्यासाठी बेथलेहेमला एका यहुदी शिक्षकाकडे शिकला. तो शिक्षक रात्री येत असे, कारण दिवसा येणं त्याला धोक्याचं होतं. लोकांना हे रुचलं नाही. उत्तर आफ्रिकेतल्या एका गावी योनाच्या गोष्टीतल्या वेलीचं नाव बदललेलं ऐकून भर प्रार्थनेत गलका झाला, तसं ऑगस्टिननं जेरोमला पत्रानं कळवलं. जुनं भाषांतर कानात मुरलं की तेच मूळ वाटू लागतं.

आपल्याकडे हाच रस्ता पंडिता रमाबाईंनी धरला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत मुळावरून बायबल उतरवलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि पुस्तक १९२४ मध्ये निघालं. मराठी अनुवादाचा इतिहास लिहिताना हे काम धर्माच्या कप्प्यात टाकून बाजूला ठेवलं जातं, ते मला पटत नाही. एका बाईनं उतारवयात दोन प्राचीन भाषा शिकून एवढा ग्रंथ एकहाती मराठीत आणावा, याला तोड कुठे आहे?

नऊ

कोशांचा तास. माधव जूलियनांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश, श्रीपाद जोशी आणि एन. एस. गोरेकर यांचा उर्दू-मराठी शब्दकोश, प्लॅट्स, आणि मराठीसाठी मोल्सवर्थ. उर्दूवरून मराठीत येताना ओळखीचे वाटणारे शब्दच जास्त घोटाळा करतात, म्हणून जो शब्द मला येतो असं वाटतं तोही मी उघडून पाहते.

आज मात्र कोशापेक्षा दुसरं वाचन जास्त होतं. बाबूराव बागूल, भाऊ पाध्ये, नामदेव ढसाळ. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ चं, ‘वासूनाका’ १९६५ चं, ‘गोलपिठा’ १९७२ चं. मंटोनं मुंबईच्या ज्या गल्ल्या उर्दूत लिहिल्या, त्या गल्ल्या आणि त्यांच्या आसपासची मुंबई मराठीत कशी बोलते हे या माणसांनी लिहून ठेवलंय. त्यांच्या आधी कुणी ‘हतक’ मराठीत आणली असती तर सौगंधीला सदाशिव पेठेतली भाषा नेसावी लागली असती. माझ्या पिढीतल्या अनुवादकाला तयार जमीन मिळाली आहे. मी त्यांच्या ओळी उचलत नाही. पंधरा-वीस पानं वाचते आणि कान जुळवून घेते.

साडेदहा

नाक्यावरून शेअर रिक्षा. मीरा रोड स्टेशनच्या बाजूला नया नगर आहे, तिथे आपा राहतात. मुंबई महापालिकेच्या उर्दू शाळेत त्यांनी आयुष्य काढलं. या महापालिकेच्या शाळा आठ भाषांत शिकवतात, ही गोष्ट मुंबईबाहेरच्या लोकांना सांगितली की त्यांना खरी वाटत नाही. आपा मूळच्या मालेगावच्या, त्यामुळे मराठी त्यांना उत्तम कळतं, नाशिककडच्या हेलानं बोलतातही. पण माझ्याशी बोलताना उर्दूतच बोलायचं, हा आमचा करार आहे.

रिक्षात मागे आम्ही तिघं. एका बाजूला आगरी मावशी फोनवर लेकीला झापतेय, दुसऱ्या बाजूचा मुलगा भोजपुरीत कुणाला पत्ता समजावतोय, पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेले काका गुजरातीत भाव विचारताहेत. २०२५ च्या जुलैत याच शहरात मराठी बोलण्यावरून मारहाण झाली, मोर्चे निघाले, आणि एका मंगळवारी रस्ते इतके अडले की मला आपांकडे पोचता आलं नाही. त्या दिवशी त्यांनी फोनवर वाचून दाखवलं. मराठीसाठी मला जिवाभावानं वाटतं, आणि म्हणूनच वाटतं की तिच्यात जगातलं चांगलंचुंगलं भरभरून यावं. त्यातलं पुष्कळसं तर याच रिक्षाच्या भाड्यात मिळतं.

अकरा ते दोन

दिवसातलं खरं काम इथे होतं. आपा वाचतात, मी ऐकते.

मला उर्दू लिपी येते. राष्ट्रीय उर्दू परिषदेचा वर्षाचा डिप्लोमा केलाय, छापील पान हळूहळू का होईना वाचते. पण नस्तालीकमध्ये ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. मीम, लाम, काफ या तीन अक्षरांचं मुल्क, मलिक, मलक, मिल्क असं काहीही होऊ शकतं. वाचणाऱ्याला वाक्य आधी समजलेलं असावं लागतं, तेव्हा ते नीट वाचता येतं. त्यामुळे ज्यांच्या घरात ही भाषा आहे त्यांच्या तोंडून ऐकणं ही सोय नाही, गरज आहे.

या पद्धतीला आपल्याकडे मोठा आधार आहे. उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या त्या त्यांचे पती विरुपाक्ष यांच्या आवाजातून. ते कन्नड पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करायचे, उमाताई ऐकून मराठी लिहायच्या. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी वाचकाच्या दोन पिढ्यांनी भैरप्पांना आपला लेखक मानलं, ते एका घरात एकानं वाचलं आणि दुसरीनं ऐकलं म्हणून.

आपा आज माधोच्या शेवटच्या भेटीचा भाग वाचतात. हा प्रसंग टॉर्चनंतरचा. सौगंधी अपमानानं पेटलेली आहे, माधोला त्याचा पत्ताही नाही, आणि तो कसल्याशा केसचं निमित्त करून पैसे मागतो. मी अपेक्षा केली होती की आपा त्याला रांगडा वाचतील. त्यांनी आवाज एकदम खाली आणला, जवळजवळ लाडात.

“इतक्या हळू का?” मी विचारलं.

“बेटा, मालेगावात असे हवालदार मी पाहिलेत,” आपा म्हणाल्या. “घेताना ते आवाज चढवत नाहीत. चढवायची गरजच नसते.”

मी वहीत माझ्या तीन लाल खुणांपुढे हे लिहून घेतलं. सकाळी खटकलेलं काय होतं ते कळलं. मी माधोला ग्रामीण करण्याच्या नादात त्याला मोठ्यानं बोलायला लावलं होतं, आणि पोलिसाची धमकी त्याच्या भाषेत शोधत होते. मंटोनं ती त्याच्या मऊपणात ठेवलीय. आपांना तो भाग मी तीनदा वाचायला लावला. तिसऱ्या वेळी त्यांनी पुस्तक मिटलं आणि तोंडपाठच म्हटला.

मग दुसरा प्रश्न, जो मला आठवडाभर छळतोय. सौगंधीच्या खोलीत गणपतीची तसबीर आहे. बोहनीचे पैसे ती आधी गणपतीला लावते, मग कपाळाला. मंटो हे बारकाईनं सांगतो. मराठी वाचकाला एवढं सांगायला हवं का? आमच्याकडे भाजीवाला, रिक्षावाला, सोनार, सगळेच बोहनीला हे करतात. अर्ध्या ओळीत काम होईल, आणि सगळं ठेवलं तर पुण्याच्या वाचकाला आपल्याच घराची माहिती कुणी देतंय असं वाटेल. मी छाटायच्या बाजूनं होते.

आपांनी मान हलवली. म्हणाल्या, “तो पाहतोय ना? पाहू दे की त्याला.”

मंटो समराळ्याला जन्मलेला, अमृतसरला वाढलेला काश्मिरी घरातला मुलगा. १९३६ मध्ये मुंबईत आला, नागपाड्याच्या अरब गल्लीत राहिला, ‘मुसव्विर’ साप्ताहिकाचं काम केलं, पुढे गोरेगावच्या फिल्मिस्तानात आणि मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये जात राहिला. एका बाहेरून आलेल्या माणसानं एका हिंदू बाईच्या खोलीतला गणपती नीट पाहिला, तिचा हात पैशांसकट कुठे जातो ते पाहिलं, आणि तिची भक्ती आणि तिचा धंदा यांत त्याला काही विसंगत वाटलं नाही. ती नजरच मराठीत यायला हवी. आपण ज्याला रोजचं म्हणून पाहतही नाही, ते दुसऱ्या भाषेतल्या माणसानं किती आदरानं टिपलं, हे मराठी वाचकाला कळलं पाहिजे. परिच्छेद पूर्ण राहणार.

आज अष्टमीचा माझा उपवास आहे, हे आपांच्या लक्षात होतं. उकडलेली रताळी आणि केळी पुढे आली. खाताना कामाचं बोलायचं नाही, हा त्यांचा नियम.

तीन ते साडेपाच

घर चालतं ते डबिंगवर. एका दाक्षिणात्य चित्रपटाचे मराठी संवाद उद्या स्टुडिओत जायचे आहेत. हे वेगळं काम आहे. पडद्यावर ओठ मिटले की मराठीतही त्याच जागी प, फ, ब, भ, म यांपैकी काहीतरी यावं लागतं, वाक्य तेवढ्याच सेकंदात संपावं लागतं, आणि नायकानं तोंड मिटल्यावर एक अक्षरही उरता कामा नये. मला हे काम आवडतं. एका वाक्याचे सहा पर्याय पटापट सुचण्याची सवय त्यानं लावली, आणि त्या सवयीचा उपयोग सकाळी होतो.

सव्वापाचला पुण्याहून संपादकांचा फोन. आधीच्या एका संग्रहाचं हस्तलिखित त्यांच्याकडे आहे. दर पानाखाली तळटिपा द्या, वाचक अडतो, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हणाले. माणसं एकमेकांना कशी हाक मारतात, काय खातात, सलाम कसा करतात, हे गोष्टीच्या ओघात कळलंच पाहिजे. नसेल कळत तर वाक्य माझं चुकतंय, टीप देऊन ते सुधारणार नाही. ‘गोलपिठा’ला प्रस्तावना लिहिण्यासाठी विजय तेंडुलकर ढसाळांबरोबर रात्री ती वस्ती फिरले होते. मराठी वाचकाला न कळणाऱ्या जगात पाऊल टाकायची सवय आहे, त्याला हात धरून नेण्याची गरज नसते. शेवटी ठरलं की सुरुवातीला दोन पानांचं मनोगत, आणि आत एकही टीप नाही. संपादक नाराज झाले, पण त्यांनी मान्य केलं.

रात्री सव्वाआठ

इशाच्या नमाजानंतर नया नगरातल्या एका घरी नशिस्त. दहा-बारा माणसं, चटई, चहा. एकजण कथा वाचतो, बाकीचे ऐकतात, मग गुफ्तगू. कुणी कुणाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसत नाही. आज पहिल्यांदाच तिथे मराठी वाचन ठेवलंय, माझ्या ‘हतक’च्या मसुद्याचं. ऐकणाऱ्यांत भिवंडीचे, कोकणातले, मालेगावचे लोक आहेत, त्यांना मराठी सहज कळतं. आझमगडकडच्या दोघांना निम्मं कळेल. पण मूळ कथा सगळ्यांना जवळजवळ पाठ आहे. असा श्रोता मला पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सभागृहात मिळणार नाही.

उर्दू आणि मराठी यांच्यातली ये-जा इथे कुणाला नवलाची वाटत नाही. २०२४ मध्ये गेलेले सलाम बिन रज्जाक पनवेलचे. पालिकेच्या शाळेत शिकवत, उर्दूत कथा लिहीत. ‘शिकस्ता बुतों के दरमियान’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि मराठीतलं कितीतरी त्यांनी उर्दूत नेलं. त्यांनी जेवढं तिकडे नेलं त्याच्या निम्मंही आपण इकडे आणलेलं नाही. हे मला फार लागतं.

मी चाळीस मिनिटं वाचलं. गणपतीच्या परिच्छेदाला एका वयस्क गृहस्थांनी “वाह” म्हटलं, आणि मग मराठीत, “हे तुमच्या भाषेत जास्त घरचं वाटतं.” आपांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण त्या खूश होत्या.

माधोवर मात्र वाद पेटला. संवाद मी दुपारीच आपांच्या आवाजाप्रमाणे खाली आणले होते. एका कथाकारांचं म्हणणं पडलं की आता तो चक्क प्रेमात पडलेला वाटतो, सौगंधी त्याला हाकलते तेव्हा वाचक तिच्यावरच रागावेल. भिवंडीच्या एका तरुणानं उलट बाजू घेतली: वाचकाला तो थोडा आवडायलाच हवा, नाहीतर इतकी वर्षं ती त्याला का पोसत होती? दोघांचंही बरोबर होतं. अर्धा तास गेला. मी बोलले नाही, लिहीत राहिले. शेवटी त्या तरुणानं मूळ पानावरची एक गोष्ट दाखवली, जी मी इतक्यांदा वाचूनही पाहिली नव्हती: माधो प्रेमाचं बोलतो, आणि लगेच त्याला खर्च आठवतो. प्रत्येक वेळी.

साडेदहा

खाली सोसायटीत गरबा रंगात आहे. खिडकी लावून मी माधोची पाच वाक्यं नव्यानं लिहिली. भाषा तीच ठेवली, मऊ, पुण्याकडची, घरगुती. फक्त प्रत्येक मायेच्या बोलण्याच्या पोटात एक आकडा घातला: भाडं, महिन्याचा खर्च, तिकिटाचे पैसे. तो प्रेम करतो की मोजतो, हे सौगंधीला आजवर वेगळं करता आलं नव्हतं, ते वाचकालाही पहिल्या वाचनात करता येऊ नये. टॉर्चच्या रात्रीनंतर तिला ते एकदम ऐकू येतं. माधो तसाच बोलतो, ऐकणारी बदललेली असते.

पाचही वाक्यं वाचून आपांना व्हॉइस नोट पाठवली. अकराच्या सुमाराला उत्तर आलं. चार वाक्यं त्यांना मान्य होती. पाचवं, जाता जाता दारात म्हणतो ते, नाही.

“यहाँ अब भी बहुत शरीफ़ है, बेटा. इसको और सोचो.”

सकाळी साडेपाचला तिथूनच सुरुवात करायची आहे.